कार्डिओ टिकवण्यासाठी तुम्ही नेमकं काय बदललंत?

सूर्यनमस्कार होतात, डंबेल्स उचलायलाही माझी ना नाही. पण अर्धा तास एकाच लयीत घाम गाळायचा म्हटलं की अंगावर काटा येतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, हे मला पाठ आहे. फायदेही पाठ आहेत, ते कृपया लिहू नका. ज्यांचा व्यायाम टिकलाय त्यांनी काय बदललं, तेवढंच हवंय.

मंदगती
वेग कमी केला. बाकी काही नाही.
आपल्याकडे पळणं म्हणजे शाळेतली शर्यत, सुटायचं ते जीव खाऊन. दोन मिनिटांत धाप, मग बाकडं, मग घरी. साधी कसोटी अशी: बोलता येतंय पण गाता येत नाहीये, म्हणजे मध्यम व्यायाम चाललाय. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो जोरकस झाला. मी 'काउच टू फाइव्ह-के' हा सोफ्यावरून उठवून ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम धरला. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद हळू पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. मला एकेक आठवडा दोन-दोनदा करावा लागला. कोण विचारतंय?

श्रावणसरी
आमचा मंगळागौरीचा ग्रुप आहे. पूर्वी श्रावणापुरताच सराव असायचा, सुपारी मिळाली की कार्यक्रम करायचे आणि मग पुढच्या वर्षीच भेटायचं. आता आम्ही बाराही महिने सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. झिम्मा, पिंगा, लाट्या, गाठोडं, आगोटा-पागोटा, ओळीने सुरू. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एकदा तोंडाने गाणं म्हणत सलग दहा मिनिटं खेळून बघावं! वर मंदगती यांनी गाण्याची कसोटी लिहिली आहे, ती आमच्याकडे फुगडीतच लागते. सूर तुटला की समजायचं, आता जरा झिम्म्यावर या.
आणि दांडी मारता येत नाही. फुगडीला जोडीदारीण लागते, मी गेले नाही तर ती नुसती उभी. शिवाय सासू-सुनेच्या भांडणाच्या खेळात मनातलं बरंच काही बाहेर निघतं, त्याचा हिशोब कॅलरीत होत नाही. बसफुगडी मात्र गुडघे धड असणाऱ्यांनीच करावी. आमच्यातल्या साठीच्या पुढच्या बायका त्या वेळी टाळ्या वाजवत गोल चालतात, हातपाय थांबवत नाहीत.

थेम्सकाठी
इंग्लंडमध्ये आल्यावर पार्करन सापडलं. दर शनिवारी सकाळी ९ वाजता, ५ किलोमीटर, फुकट. एकदा नाव नोंदवायचं आणि बारकोड घेऊन जायचं. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ जणांनी सुरुवात केली होती. मला आवडलेली गोष्ट ही, की एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो, म्हणजे शेवटचा नंबर कधीच तुमचा नसतो. मी बहुतेक वेळा त्याच्याशी गप्पा मारतच येते. भाषा सुधारली, दम वाढला, दोन मैत्रिणी मिळाल्या.

पर्वतीकर
पर्वती. १०३ पायऱ्या. वर गेलं की पुणं दिसतं, खाली आलं की चहा मिळतो. चढताना हृदयाचा, उतरताना जिभेचा व्यायाम. ग्रुपमध्ये राजकारणावर बोलायला बंदी आहे, ती कोणी पाळत नाही.

रुक्ष
आनंद वगैरे सगळ्यांना मिळतोच असं नाही. मला सायकल कंटाळवाणीच वाटते, आजही. तरी करतो, कारण ऑफिसला जायचंच असतं आणि मी सायकलनेच जातो. व्यायामाला वेगळा वेळ काढायचा म्हटला की वाद सुरू होतो, तो माझ्यापुरता मिटला.

कानसेन
मी आवडती कादंबरी फक्त चालताना ऐकते. घरी ऐकायची नाही, हा नियम. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केटी मिल्कमन यांनी असाच प्रयोग केला होता. खिळवून ठेवणारी ऑडिओ पुस्तकं ज्यांना फक्त जिममध्येच ऐकायला मिळत, ते सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेले. पण थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि तो फरक ओसरला. आपल्याकडे तीच कामगिरी दिवाळी बजावते. म्हणून मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसासाठी नवीन पुस्तक आधीच उतरवून ठेवते. रस्त्यावर चालत असाल तर एकच कान झाका, मागून येणाऱ्या दुचाकीला तुमच्या कथानकाशी देणंघेणं नसतं.

जलचर
गुडघ्यांमुळे पळणं बंद. पोहायला लागलो. पोहता न येणाऱ्यांनी छातीभर पाण्यात नुसतं भराभर चालून बघा, पाणी चांगलंच अडवतं. हृदयाचा त्रास किंवा छातीत दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, मग या धाग्यावर या.

धागाकर्ती
श्रावणसरी, तुमच्या ग्रुपमध्ये नवीन माणसं घेता का? मला फुगडी शाळेनंतर माहीत नाही, आणि नऊवारीही नाही.

श्रावणसरी
सरावाला पंजाबी ड्रेसच घालतो, ओढणी तेवढी घरी ठेवा. पाण्याची बाटली आणा. पहिल्या दिवशी चक्कर येते म्हणून आधी गोल फिरायला देत नाही, झिम्म्याला उभं करू.