एकट्याने केलेली मुक्कामी भटकंती: सॅकमधलं काय टिकलं, काय तुटलं?

ग्रुपबरोबर ट्रेकला गेलं की एकाची बॅटरी बंद पडली तर दुसऱ्याची असते, एकाचा स्टोव्ह पेटला नाही तर तिसऱ्याच्या सॅकमधून काडेपेटी निघते. एकट्याने जाणाऱ्याला ही सोय नाही. बुटाचा तळ निघाला तरी त्याच पायांनी उतरायचं, स्लीपिंग बॅग भिजली तरी त्याच बॅगेत रात्र काढायची. म्हणून एकट्याने मुक्कामी भटकणाऱ्यांचे सामानाबद्दलचे अनुभव मला फार मोलाचे वाटतात.

नवी वस्तू घेतल्या घेतल्या केलेलं कौतुक पुष्कळ वाचायला मिळतं. या धाग्यात मला त्याच्या पुढचं हवंय. घाम, दव, काटे, कातळ यांतून गेल्यावर ती वस्तू कशी उरली? कुठे दगा दिला? आणि तिथल्या तिथे, हाताशी होतं त्यात, तुम्ही काय केलंत? सह्याद्री, हिमालय, नर्मदाकाठ, परदेश, कुठलंही चालेल. बिघडलेल्या वस्तूच्या कंपनीचं नाव मात्र नको, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाते.

सुरुवात मी करतो. राजगड, तोरणा, रायगड, डिसेंबरात. पायात भावाने परदेशातून आणलेले भारी चामडी बूट. फार न वापरलेले, शिवण पक्की, तळ जाड. गुंजवण्याहून राजगड चढताना आणि अळू दरवाजातून बाहेर पडून धारेने तोरण्याकडे जाताना त्यांनी काही तक्रार केली नाही. मोहरीहून पुढे सिंगापूर नाळ ही कोकणात उतरणारी घळ उतरायला लागलो आणि उजव्या टाचेखाली फटफट आवाज येऊ लागला. घसाऱ्यात पाय रोवला की तळ मागे राहायचा आणि बूट पुढे जायचा. बसून पाहिलं तर गोंद सुटला नव्हता. वरचं चामडं आणि खालचं रबर यांच्यामधला जो मऊ थर असतो, तोच संपला होता. बोटाने दाबलं की रव्यासारखा भुगा हातात यायचा.

तो थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने त्याची रासायनिक साखळी वर्षानुवर्षं तुटत जाते. बूट वापरा नाहीतर माळ्यावर खोक्यात ठेवा, हे थांबत नाही, आणि आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने तर त्याला फारच मानवतात. बाहेरून काहीच दिसत नाही. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी जवळ होती. पहिल्यांदा ती चवड्याखालून गुंडाळली, तर शंभरेक पावलांत खडकावर घासून तुटली. मग तळाच्या मधल्या खोलगट भागातून, जिथे जमीन लागत नाही तिथून, दोरी घेतली, घोट्याभोवती आठच्या आकड्यात आवळली आणि पुढच्या टोकाला डक्ट टेपचे वेढे दिले. टेप दर थोड्या वेळाने बदलावी लागली, दोरी मात्र खाली कोकणातल्या गावापर्यंत टिकली. रायगड चढलो तो सॅकमधल्या रबरी चपलांवर. तेव्हापासून मुक्कामी ट्रेकला पट्टे असलेल्या सँडल मी कधी वगळत नाही. वजन पाव-अर्धा किलो वाढतं, वाढू दे.

*डोंबिवलीहून*

माझं थोडक्यात. हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपलो होतो. खाऊ सॅकच्या आतल्या कप्प्यात, दोन पिशव्यांत बांधलेला. रात्री उंदराने बाहेरून थेट त्या कप्प्यापर्यंत भोक पाडलं. सॅकचं कापड जाड, कॉर्ड्युरासारखं, तरी काही उपयोग नाही. तेव्हापासून खाऊ स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा जड होतो, पण त्यातच चहा उकळतो, त्यातच खिचडी होते, म्हणजे वेगळं भांडं नको. सॅक रिकामी करून सगळ्या चेन उघड्या ठेवतो. उंदीर आत शिरून बघतो आणि निघून जातो, कापड कुरतडत नाही.

*नाशिकहून*

मी ट्रेकर नाही, नर्मदा परिक्रमावासी आहे. पण मैयाच्या काठाने एकटीने चालताना पाठीवरचं ओझं हाच रोजचा विषय असतो, म्हणून लिहिते.

ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली. दक्षिण तटाने पश्चिमेकडे, मैया उजव्या हाताला. सुरुवातीला सॅकमध्ये जे जे होतं त्यातलं निम्मं पहिल्या काही आश्रमांतच देऊन टाकलं. आसन, पातळ कांबळं, एक जोडी कपडे, कमंडलू, ताट-वाटी, औषधं, काठी. जेवणाचं ओझं नसतंच. कुठे सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा मिळतो, कुठे तयार प्रसाद.

सॅक नवी, चांगल्या दुकानातली. शूलपाणीच्या झाडीत तिने दगा दिला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी काठाची वाट गेली, त्यामुळे आता डोंगरांवरून चढ-उतार करावे लागतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अशाच एका चढावर कमरेच्या पट्ट्याचं प्लॅस्टिकचं बक्कल तडकलं. सगळा भार खांद्यांवर आला आणि दुसऱ्या सकाळी डाव्या खांद्याचा पट्टाही शिवणीतून उसवला. आता एका खांद्यावर ओझं घेऊन किती चालणार?

पाड्यावर एका भाऊंनी सॅक हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आत जाऊन दाभण आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन आले. ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या. एक पट्टी पट्ट्याच्या खाली, एक वर, मध्ये उसवलेलं कापड, आणि मेणाच्या दोऱ्याने आरपार टाके. मी विचारलं, रबर कशाला? म्हणाले, नुसत्या कापडाला दोरा कापतो, रबर दोऱ्याला धरून ठेवतं. बक्कलच्या जागी त्यांनी परकराच्या नाड्यासारखी रुंद सुती पट्टी दिली, तिची सुरगाठ मारायची. पैसे काही केल्या घेतले नाहीत, ‘नर्मदे हर’ म्हणाले आणि वाटेला लावून दिलं.

तो जोड मैयाच्या मुखाजवळच्या विमलेश्वरपर्यंत टिकला, तिथून नावेने समुद्र ओलांडून मीठी तलाईला उतरले तेव्हाही टिकला, अमरकंटकलाही होता आणि आजही आहे. सुती गाठ पावसात आवळते आणि सोडताना नखं दुखतात, एवढाच त्रास. बक्कल परत बसवलं नाही. आता दाभण आणि मेणाचा दोरा मीच जवळ ठेवते.

*ग्लासगोहून*

नाशिकच्या ताई, तुमची ट्यूबची युक्ती मी लिहून घेतली आहे.

मी वेस्ट हायलँड वे ही स्कॉटलंडमधली लांब पायवाट एकटा चाललो, मिल्गायपासून फोर्ट विल्यमपर्यंत, १५४ किलोमीटर, तंबू घेऊन. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क आहे. फक्त लॉक लोमंड या तळ्याच्या काठाच्या काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो.

इथला खरा शत्रू पाऊस नाही, मिज आहेत. चिलटाहूनही बारीक, चावणाऱ्या माश्या. वारा पडला आणि संध्याकाळ झाली की ढगच्या ढग येतात. माझ्या तंबूची जाळी साध्या मच्छरदाणीची होती. डास अडले असते, मिज सरळ आत आल्या. ती रात्र मी डोक्यावर बारीक जाळी घालून काढली. इकडे कुणी येणार असेल तर जाळीची भोकं आधी पाहा, वजन आणि किंमत नंतर.

वाटेतल्या रॅनक मूर या दलदलीच्या माळावर तंबूचे खिळे पाणथळ जमिनीत धरेनात. प्रत्येक खिळ्यावर दगड ठेवला, तेव्हा रात्र निभावली.

आणि एक गोष्ट सह्याद्रीवाल्यांसाठी. माझं ‘श्वास घेणारं’ महागडं रेनजॅकेट इथे झकास चाललं. तेच घेऊन जुलैत भीमाशंकरला शिडी घाटाने चढलो, तर आतून चिंब झालो. कारण साधं आहे. घामाची वाफ बाहेर पडायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच उबदार आणि दमट असावी लागते. स्कॉटलंडच्या थंडीत तो फरक असतो. जुलैत आपल्या घाटात बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते, मग जॅकेटमधली वाफ जाणार कुठे?

परदेशातून येणाऱ्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं इकडे एकटे चालणारे सर्रास बाळगतात. भारतात ती सरकारी परवानगीशिवाय चालत नाहीत, विमानतळावर लोकांना अडवलेलं आहे. ती घरीच ठेवा.

*कोल्हापूरहून*

जॅकेटबद्दल शंभर टक्के सहमत. पावसात आमच्याकडे अंग कोरडं ठेवायच्या भानगडीत कुणी पडत नाही, सामान कोरडं ठेवतात. सॅकवरच्या रेनकव्हरचा भरवसा नको. पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून उतरतं आणि तिथे कव्हर नसतंच. खताच्या गोणीच्या आत जी जाड प्लॅस्टिकची पिशवी असते ती स्वच्छ धुऊन सॅकच्या आत अस्तरासारखी घाला आणि तोंडाला पीळ देऊन दुमडा. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर ओढे मांडीपर्यंत आले तरी माझी झोपायची घोंगडी कोरडी राहिली.

घोंगडी मुद्दाम म्हणतोय. पिसांची स्लीपिंग बॅग ओली झाली की पिसं गोळा होतात आणि ऊब संपते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते, चुलीजवळ वाळवता येते, ठिणगी पडली तर भोक वितळत जात नाही. जड आहे, मान्य. उन्हाळी-हिवाळी ट्रेकला स्लीपिंग बॅग न्या, पावसात घोंगडी.

*पुण्याहून*

लडाख, मार्खा खोरं, सप्टेंबर. गावागावांत होमस्टे असल्यामुळे एकटीला तंबू-स्टोव्ह न्यावा लागला नाही. स्टोव्ह नेऊनही त्या उंचीवर डाळ शिजत नाही, निमालिंगसारख्या ठिकाणी पाणी पंचाऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. वाटेवर खायला सातूचं पीठ आणि गूळ होता, ते कुठल्याही पाण्यात कालवता येतं.

फसवलं ते पाण्याच्या फिल्टरने. त्यात बारीक पोकळ तंतू असतात. एकदा वापरलेला फिल्टर रात्री गोठला की आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तंतू तडकतात. गंमत अशी की पाणी त्यातून पूर्वीसारखंच येत राहतं, फिल्टर निकामी झालाय हे वरून कळत नाही. हांकर गावाच्या पुढे एका सकाळी तो कडक गोठलेला मिळाला. तेव्हापासून क्लोरीनच्या गोळ्यांवर आले. थंड पाण्यात त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो. आता उंचावर फिल्टर, फोन आणि पॉवर बँक तिन्ही झोपताना अंगाजवळ, पांघरुणात. फोन विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं, नकाशे आधी उतरवून घेतले की झालं.

नदी ओलांडायला सँडल हव्यातच. तळाशी गोटे असतात, अनवाणी पाय सोलवटतो.

आणि धागाकर्त्यांना एक प्रश्न. माझेही बूट बरेच जुने आहेत, बाहेरून छान दिसतात. ट्रेकच्या आधी कळायला काही उपाय?

*धागाकर्ता*

आहे. चवड्याशी बूट दुमडा आणि तळाच्या कडेने, चामडं आणि रबर यांच्यामधल्या थराकडे उजेडात पाहा. बारीक भेगा दिसल्या तर ते बूट गेले. नंतर अंगठ्याच्या नखाने तोच थर जोरात दाबा. चांगला थर दबतो आणि परत वर येतो, मेलेला दबलेलाच राहतो किंवा कण सोडतो. काही बुटांत हा थर वेगळ्या फोमचा असतो आणि त्याला हा रोग होत नाही, पण तिथे गोंद सुटू शकतो. म्हणून दोन्ही टोकांना तळ ओढूनही पाहा. एवढं झाल्यावर सॅक भरून सिंहगड चढून-उतरून या. वरचं चामडं चांगलं असेल तर टाकू नका. चांगला कारागीर जुना तळ काढून नवा बसवून देतो, माझ्या त्या बुटांना आता जाड रबराचा तळ आहे आणि यंदा ते रतनगडाहून कात्राबाईच्या खिंडीने पाचनईला जाऊन आलेत.