मदत हवी आहे: बाल न्याय मंडळात निकाली निघालेलं प्रकरण चारित्र्य पडताळणीत दिसतंय

भाच्यासाठी विचारतोय. 2019 मध्ये, वय 16, मोबाईल चोरीचा गुन्हा (भारतीय दंड विधान, म्हणजे भादंवि, कलम 379). डोंगरीच्या बाल न्याय मंडळाने बाल न्याय अधिनियमाच्या कलम 18 खाली समज देऊन पालकांच्या ताब्यात दिलं. अपील झालं नाही. त्यानंतर एकही गुन्हा नाही.

आता सरकारी नोकरीत निवड झाली आहे, पण पोलीस ठाण्याच्या पडताळणीत जुना गुन्हा क्रमांक निघाला आणि अर्ज अडकला.

बाल न्याय अधिनियम 2015 वाचलाय: कलम 24 प्रमाणे अशा जुन्या प्रकरणामुळे अपात्रता लागत नाही, कलम 74(2) प्रमाणे निकाली प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करता येत नाही. 16 वर्षांवरील मुलाच्या निर्घृण गुन्ह्याचा (किमान 7 वर्षं शिक्षा असलेल्या) अपवाद इथे लागत नाही. चोरीला शिक्षाच कमाल 3 वर्षं. दोन्ही कलमांची प्रत आणि मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडून ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोचही घेतली. तोंडी उत्तर एकच: "सिस्टीममध्ये आहे, आम्ही काय करणार?"

अडचण नियमाची आहे. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांतला नियम 14 म्हणतो, नोंद जपायची ती अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा 7 वर्षं, त्यापुढे नाही. अपिलाचे 30 दिवस केव्हाच संपले. ठाणं मात्र 7 वर्षंच धरतं.

नोंद नष्ट करण्याचा आदेश मंडळाकडेच मागायचा, की थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करायची? आणि साक्षांकन नमुन्यात (नोकरीपूर्वी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) "कधी अटक झाली होती का?" या रकान्यात नेमकं काय लिहायचं? नमुना अजून भरून दिलेला नाही, माहिती दडवल्याचा ठपका नको.