तारे-तारकांच्या नावावर झटपट फोटोची फिल्म किती दिवस खपणार?

रिळवाला, सांगली

परवा माळा आवरताना बाबांचा झटपट फोटोचा चार भिंगांचा कॅमेरा सापडला, पोलरॉइड या अमेरिकन कंपनीचा. आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोंसाठी तोच होता. एकदा बटण दाबलं की चार फोटो. बाबा कागदाची पट्टी धरून फिल्म बाहेर ओढायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दीड मिनिट थांबायचे आणि मग चिकटलेले दोन कागद एका दमात सोलायचे. टाकाऊ कागदावर राहिलेला रस बोटांना लागला की कातडी चुरचुरायची, म्हणून आई तो कागद लगेच डब्यात टाकायला लावायची. गिऱ्हाईक आपले चार ओले चेहरे तळहातावर घेऊन वाळेपर्यंत फुंकर घालत बसायचं.

कॅमेरा बघून भाची म्हणाली, "या कंपनीने एखादी मोठी स्टार घेतली असती तर बुडाली नसती." तिला म्हटलं, घेतली होती की! जानेवारी 2010 मध्ये लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात पोलरॉइडने पॉप गायिका लेडी गागाला क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणून उभं केलं. त्या वेळी तिच्याहून मोठं नाव शोधूनही मिळालं नसतं. पुढच्या जानेवारीत ती त्याच प्रदर्शनात 'ग्रे लेबल' घेऊन आली: एक कॅमेरा, मोबाइलवरचे फोटो छापणारा छोटा प्रिंटर, आणि कॅमेरा व इवलेसे पडदे बसवलेला काळा चष्मा. फोटो जगभर छापून आले. चष्मा दुकानात आलाच नाही. प्रिंटर आला, पण त्यात फिल्म नव्हती, उष्णतेने रंग उमटणारा झिंक कागद होता.

माझं मत सरळ आहे. झटपट फोटोचा धंदा हा फिल्मचा धंदा आहे. फिल्म बनवणारे हात आणि यंत्रं टिकली तर तो टिकतो. तारे-तारकांवर ओतलेला पैसा त्याच्या उपयोगी पडत नाही. तुम्हाला काय वाटतं?

जाहिरातवाली, ठाणे

सहमत नाही. तुम्ही एक फसलेलं उदाहरण घेऊन सगळ्या प्रकाराला नावं ठेवताय. पोलरॉइड मोठी झाली त्यात नटांचा वाटा फार मोठा आहे. 1972 मध्ये एसएक्स-70 आला, घडी करून कोटाच्या खिशात घालता येणारा. सोलणं नाही, थांबून मोजणं नाही, फोटो आपोआप बाहेर येतो आणि डोळ्यांदेखत उमटतो. त्याच्या जाहिरातीत कोण होतं? इंग्लंडचा नामांकित नट लॉरेन्स ऑलिव्हिए! पुढे 1977 मध्ये स्वस्तातला वनस्टेप आला तेव्हा जेम्स गार्नर आणि मॅरिएट हार्टली ही नट-नटीची जोडी टीव्हीवर आली. दोघांची नोकझोक इतकी खरी वाटायची की लोक त्यांना नवराबायकोच समजायचे. शेवटी हार्टलीबाईंनी 'मी मिसेस गार्नर नाही' असं छापलेला टी-शर्ट घातला.

त्या जाहिराती नीट बघा. कॅमेरा कसा धरायचा, बटण कुठलं, फोटो कुठून येतो, सगळं घरातल्या गप्पांमधून कळतं. ज्याने आयुष्यात कॅमेरा धरला नव्हता तोही दुकानात गेला. वस्तू कितीही चांगली असली तरी ती वापरायची हिंमत लोकांना कुणीतरी द्यावी लागते. ते काम नट करतात, कारखाना नाही.

हिशेबनीस, पुणे

जाहिरातवालींचा मुद्दा कळतो, पण 1977 आणि 2010 एका मापाने कसे मोजणार? गार्नर-हार्टलीच्या काळात लगेच फोटो हवा असेल तर एक कोडॅक सोडली तर दुसरी वाटच नव्हती. कोडॅकने 1976 मध्ये स्वतःची झटपट फिल्म काढून पाहिली, पण पोलरॉइडने पेटंटचा दावा लावला, कोडॅक हरली आणि 1986 मध्ये त्यांना तो धंदा गुंडाळावा लागला. 1991 मध्ये कोडॅकने 92 कोटी 50 लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. म्हणजे मैदान बरंचसं मोकळं होतं. अशा वेळी नटाने बोट दाखवलं की माल खपतोच.

शिवाय या धंद्यात कॅमेऱ्यावर फार कमाई नसते. कॅमेरा एकदा विकला जातो, खरी कमाई फिल्मच्या पाकिटांवर. वस्तरा स्वस्तात द्यायचा आणि पाती विकत राहायची, तसं. डिजिटल आल्यावर लोकांनी पाकिटं घेणं थांबवलं. ऑक्टोबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुपरस्टारच्या हातात कॅमेरा बघून लोक एक कॅमेरा घेतील हो, पण दर महिन्याला पाकीट घ्यायला ती स्टार घरी येत नाही.

एक आणखी. 2003 मध्ये अमेरिकेत एक गाणं तुफान गाजलं, त्यात पोलरॉइडच्या फोटोसारखं हलवा असं म्हटलं होतं. एक पैसा न खर्चता जगभर नाव झालं. कंपनीने उलट सांगितलं की फोटो हलवू नका, खराब होऊ शकतो. इतकी फुकट प्रसिद्धी मिळूनही पाच वर्षांत, फेब्रुवारी 2008 मध्ये, फिल्म बंद करत असल्याचं जाहीर करावं लागलं.

तोक्योकर

इथे जपानमध्ये बसून लिहितोय, त्यामुळे वेगळी बाजू मांडतो. फुजी या जपानी कंपनीचा झटपट फोटोचा कॅमेरा इन्स्टॅक्स 1998 चा. इथे त्याला 'चेकी' म्हणतात. 2002 मध्ये वर्षाला दहा लाखांच्या आसपास कॅमेरे गेले आणि 2004 पर्यंत आकडा लाखावर आला. कुठल्याही कंपनीने दुकान बंद केलं असतं. फुजीने केलं नाही, फिल्म चालू ठेवली. काही वर्षांनी कोरियन मालिकांमध्ये हा कॅमेरा दिसू लागला, तरुण मुली घेऊ लागल्या, आणि 2018 च्या आर्थिक वर्षात विक्री एक कोटीवर गेली.

यात तारकांचा हात आहेच, पण जाहिरातीतल्या नव्हे. इथे छोट्या छोट्या गायिकांचे गट असतात, तळघरातल्या हॉलमध्ये शे-दोनशे लोकांसमोर गातात. कार्यक्रम संपला की टेबल मांडतात. तुम्ही हजार-दोन हजार येन द्यायचे, तिच्याशेजारी उभं राहून एक चेकी काढायची. फोटो पांढरा असतानाच ती कडेला मार्करने तुमचं नाव, तारीख आणि एखादं चित्र काढते, तेवढ्या वेळात दोन वाक्यं बोलता येतात. मित्राच्या आग्रहाने मी एकदा रांगेत उभा राहिलो. माझं नाव तिने कटाकाना लिपीत लिहिलं, 'श्री' लिहिताना अडखळली, मला विचारलं, पुन्हा लिहिलं. तो फोटो अजून फ्रिजच्या दारावर आहे. मोबाइलमध्ये त्या रात्रीचे पन्नास फोटो असतील, एकही उघडून पाहिलेला नाही.

त्या मुलींमुळे रोज रात्री फिल्म खपते. हिशेबनीस, तुमचं पाकीट घ्यायला लावणारी स्टार इथे खरंच दर आठवड्याला भेटते.

डेन्व्हरची आई

तोक्योकरांना दुजोरा. माझी मुलगी गायिका टेलर स्विफ्टची भक्त. 2018 मध्ये फुजीने स्विफ्टशी करार केला, तिच्या दौऱ्याच्या वेळी तिच्या नावाचा चौकोनी फोटोंचा इन्स्टॅक्स निघाला. मुलीने बेबीसिटिंगचे पैसे साठवून घेतला. रिळवालादादा, तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो कपाटात पडायला हवा होता. तसं झालं नाही. वाढदिवसाला, दिवाळीच्या फराळाला, आजी भारतातून आली तेव्हा, प्रत्येक वेळी एक-दोन फोटो. एका फोटोला डॉलरहून जास्त पडतात, म्हणून ती काढण्याआधी विचार करते, सगळ्यांना जवळ बोलावते, "हलू नका, एकच आहे" म्हणते. सासूबाईंनी जाताना त्यातला एक देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवून नेला.

आणि स्विफ्टचं या फोटोंशी नातं करारामुळे जुळलेलं नाही. 2014 च्या तिच्या अल्बमचं मुखपृष्ठच पांढऱ्या चौकटीच्या पोलरॉइडसारखं होतं, सीडीत असे तेरा फोटो छापून घातले होते. मुलींना ते आधीपासून ठाऊक होतं. करार चार वर्षांनी आला.

रिळवाला, सांगली

डेन्व्हरच्या ताई, पोथीतल्या फोटोपुढे मी काय बोलणार! पण तुमच्या आणि तोक्योकरांच्या लिहिण्यात माझाच मुद्दा आहे. फुजीने लाखावर आलेल्या विक्रीतही फिल्म बंद केली नाही, म्हणून नंतर कोरियन मालिका आणि स्विफ्ट यांना काहीतरी उचलून धरता आलं. पोलरॉइडने आधी कारखाने बंद केले आणि मग गागाला बोलावलं. 2010 मध्ये पोलरॉइड 300 नावाचा कॅमेरा आला, तो मुळात फुजीचाच इन्स्टॅक्स होता, फिल्मही त्याच मापाची. नाव अमेरिकेचं, आतला माल जपानचा. मला हे वाचून वाईट वाटलं होतं.

आता त्याच 2010 मध्ये दुसरीकडे काय चाललं होतं ते सांगतो. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथला पोलरॉइडचा शेवटचा फिल्म कारखाना जून 2008 मध्ये बंद झाला. तिथला अभियंता आंद्रे बोसमन आणि व्हिएन्नाचा फ्लोरियान काप्स यांनी भंगारात जाणारी यंत्रं विकत घेतली, दहाएक जुने कामगार धरले आणि 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट' सुरू केला. यंत्रं होती, पण जुनी रसायनं बनवणारे पुरवठादार उरले नव्हते, फिल्म नव्याने जुळवावी लागली. 22 मार्च 2010 ला त्यांनी पहिली कृष्णधवल फिल्म जाहीर केली. फोटो बाहेर येताच उजेडापासून झाकावा लागे, थंडी-उन्हाने रंग बदलत. तरी लोकांनी ती घेतली, कारण ती फिल्म होती. त्यांच्याकडे गागा नव्हती.

जाहिरातवाली, ठाणे

नव्हती, म्हणूनच त्यांना एवढी वर्षं धडपडावं लागलं असं का म्हणू नये? दादा, तुमच्याच माहितीतून वेगळं दिसतं. 2010 मध्ये नाव एका घरी होतं आणि फिल्म दुसऱ्या घरी. गागा गेली ती पोलरॉइड हे नाव ज्यांच्याकडे होतं त्या घरी, जिथे फिल्म नव्हती. यात तिचा काय दोष? ती एन्स्खेडेला गेली असती तर? तिच्या एका फोटोने त्या दहा कामगारांची ऑर्डर-वही भरली असती. 2017 मध्ये त्यांनी नाव मिळवलं, पोलरॉइड ओरिजिनल्स म्हणून दुकानं भरली, 2020 मध्ये पुन्हा नुसतं पोलरॉइड झाले. नाव हवंच होतं ना शेवटी? नाव म्हणजे जुन्या जाहिरातींची कमाईच आहे. गार्नर आणि ऑलिव्हिए यांनी जमवलेलं भांडवल चाळीस वर्षांनी कामी आलं.

मी या क्षेत्रात वीस वर्षं आहे. कलाकाराला वस्तू हातात न देता नुसती सही मागणारे मालक मी पाहिलेत, आणि वस्तू पडली की त्या कलाकाराच्या नावाने बोटं मोडणारेही तेच.

काचकागद, मुंबई

ताई, शेवटचं वाक्य पटलं. पण सही न मागता वस्तू हातात देण्याची पद्धत पोलरॉइडकडे होती, तिचं कुणी नाव घेतलं नाही म्हणून लिहितो.

पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँड याने 1940 च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला सल्लागार नेमलं. डोंगर-जंगलांचे फोटो काढणारा, काळ्या-पांढऱ्याच्या छटांबद्दल अतिशय काटेकोर माणूस. त्याचं काम जाहिरातीत हसायचं नव्हतं. नवी फिल्म वापरायची आणि कुठे सावली मरते, कुठे पांढरं फाटतं ते लिहून कळवायचं. पुढे कंपनी अनेक कलाकारांना कॅमेरे आणि फिल्म देऊ लागली, बदल्यात त्यांचे काही फोटो ठेवून घेऊ लागली. चित्रकार अँडी वॉरहॉलसकट कितीतरी जणांची कामं अशी जमली. मला तरी नामवंतांशी केलेली खरी भागीदारी हीच वाटते. त्यातून फिल्म सुधारली आणि लोकांना कळलं की हे खेळणं नाही.

तिचं काय झालं? नंतरच्या मालकाचा गुंतवणूक घोटाळा उघडा पडला, डिसेंबर 2008 मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरी झाली आणि देणेकऱ्यांचे पैसे फेडायला जून 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावघरात त्या संग्रहाचा मोठा भाग लिलावात निघाला. सुमारे सव्वा कोटी डॉलर आले. अ‍ॅडम्सचा योसेमिटी दरीतल्या निवळत्या वादळाचा एकच प्रिंट सात लाख बावीस हजार पाचशे डॉलरला गेला. लास व्हेगासमध्ये गागाचं नाव जाहीर झालं त्याला पाच-सहा महिनेच झाले होते. ब्रँड वेगळ्या लोकांनी घेतला होता आणि संग्रह वेगळ्या खात्यात, हे मान्य. तरी एकाच वर्षातल्या या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की माझ्या पोटात तुटतं.

हिशेबनीस, पुणे

काचकागद, हे माहीत नव्हतं, लिहिलंत ते बरं केलंत. माझं मत थोडं सरकलं आहे. प्रसिद्ध माणूस महिनोन्‌महिने फिल्म वापरत असेल तर पाकिटं खपतात, मग तो अ‍ॅडम्स असो की तोक्योकरांच्या तळघरातली गायिका. एकदाच्या समारंभाला मात्र माझा अजून विरोध आहे.

काचकागद, मुंबई

रिळवाला, एक विचारायचं राहिलं. तुमचा कॅमेरा सोलायच्या फिल्मचा आहे ना? फुजीने ती एफपी-100सी 2016 मध्ये बंद केली. पण एन्स्खेडेवाल्या काप्सनेच नंतर व्हिएन्नात सोलायची फिल्म पुन्हा बांधायला घेतली. हाताने बांधलेलं पाकीट, आत एकच फोटो. महाग आहे. माप जुळतं का ते मागची झडप उघडून बघा, आणि मागवण्याआधी कॅमेरा चालतो का तेही.

रिळवाला, सांगली

झडप उघडली. माप तेच आहे. दांडी ओढून बटण दाबलं, चारही भिंगांच्या पापण्या एकदम उघडल्या. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, हात थरथरतो, पण पट्टी मीच ओढतो म्हणाले. एकच फोटो येणार आहे हे सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आधी त्या भिंतीवरच्या घड्याळात सेल घाल.