ब्लीच आणि रंगाने खोकला थांबेल का?

भिंतीवरची काळी बुरशी ब्लीचने मारून वर रंग दिला तर दमेकरी मुलाचा खोकला थांबेल का, असा वरचा प्रश्न आहे. तेवढ्याने नाही थांबणार. मेलेल्या बुरशीच्या कणांचीही ॲलर्जी होते, म्हणून ती मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं. ओल्या भिंतीवरच्या रंगाचे तर पोपडेच सुटतात.

आधी ओलीचं मूळ शोधा: बाहेरच्या भिंतीतली भेग, वरच्या मजल्याचं बाथरूम, भिंतीला चिकटून ठेवलेलं कपाट. डाग साधारण ३ फूट बाय ३ फुटांपेक्षा लहान असेल तर घरी काढता येतो. मुलाला त्या खोलीपासून लांब ठेवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. कोरडा डाग खरवडू नका, बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म, बियांसारखे कण) खोलीभर उडतात. आधी ओला करून साबणाच्या पाण्याने घासा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. बुरशी धरलेली गादी टाकूनच द्या. ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. नंतर घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा. ती मोजायला साधा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) पुरतो.

"काळी म्हणजे विषारी" हे मात्र मनातून काढा, रंगावरून बुरशीची जात ठरत नाही.

आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका: दमेकऱ्याला तपकिरी, घट्ट बेडके पडत असतील तर ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी, म्हणजे एबीपीए, असू शकते. एक्स-रेवर ती टीबीसारखी दिसते आणि आपल्याकडे कित्येकदा टीबीचीच औषधं सुरू होतात. छातीच्या डॉक्टरांना रक्तातील एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि ॲस्परजिलसच्या आयजीई तपासणीबद्दल जरूर विचारा.