स्पॅनिशमध्ये प्रत्येक वाक्यात 'यो' (म्हणजे 'मी') लावायचा का?

प्रश्न: दोन महिने स्पॅनिश शिकतेय. 'आब्लार' म्हणजे बोलणे, याची रूपं पाठ आहेत: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. पण मी 'यो आब्लो' लिहिलं की शिक्षिका 'यो' खोडतात. ते चूक आहे का?

उत्तर: चूक नाही, पण बहुतेक वेळा गरज नसते. आपणही 'बोलतेस का?' एवढंच विचारतो, 'तू' त्या 'स'मध्येच आलेला असतो. 'आब्लास'चंही तसंच, शेवटी 'स'सुद्धा आहे बघा! 'मी बोलते, तो नाही' असा जोर द्यायचा असेल तेव्हा 'यो' हवाच. शिवाय बोलतो-बोलते हा भेद तिथे नाही, दोघांनाही 'आब्लो'. मला खरा नडला तो आघात. 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्या 'ओ'वर दिला की 'तो बोलला'. वाचून ते बसलं नाही, रोज मोठ्याने म्हटलं तेव्हा बसलं.

दुसरं उत्तर: 'आब्लाइस' ('तुम्ही'चं रूप) स्पेनमध्ये लागेल. लॅटिन अमेरिकेत अनेकांना उद्देशून 'उस्तेदेस आब्लान' म्हणतात. एकाच व्यक्तीला आदराने बोलायचं तर 'उस्तेद आब्ला', म्हणजे 'तो'चंच रूप.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार! 'उद्या तिच्याशी बोलते' याला भविष्यकाळच लागेल ना?

उत्तर: नाही, मराठीसारखंच वर्तमानात चालतं: 'मान्याना आब्लो कोन एया.'