मदत हवी आहे: आतड्यात आतडं अडकल्यानंतरची काळजी आणि रोटाचे डोस

लेक साडेसात महिन्यांचा. मागच्या आठवड्यात आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब. तपासणीत रोटाव्हायरस निघाला. ओआरएस आणि 14 दिवसांचं झिंक सुरू केलं. चौथ्या दिवशी जुलाब कमी झाले म्हणून आम्ही निवांत, आणि रात्री तो अचानक किंचाळायला लागला. पाय पोटाशी घ्यायचा, दोन मिनिटं आकांत, मग एकदम मलूल. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मला वाटलं गॅस, हिंग लावलं. पहाटे लंगोटात लाल जेलीसारखी शी दिसली आणि हातपायच गळाले.

सोनोग्राफीत इंटससेप्शन, म्हणजे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला. सलाईनच्या दाबाने सुटलं, ऑपरेशन टळलं. पण हे परत होऊ शकतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त, असं डॉक्टर म्हणाले.

ज्यांच्या बाळाला हे झालंय, त्यांनी सांगा: घरी आल्यावर वरचं खाणं कसं सुरू केलंत? साधं रडणं आणि 'ते' रडणं कसं ओळखलंत?

दुसरं, जाऊबाईंचं बाळ सहा आठवड्यांचं. रोटाचे (रोटाव्हायरसच्या लसीचे) थेंब 6, 10, 14 आठवड्यांना. सासूबाई म्हणतात, देऊच नका, त्यानेच आतडं अडकतं. 1999 मध्ये अमेरिकेत एक लस याच कारणाने मागे घेतली होती, हे खरं. पण आताच्या लसींत तो धोका फारच कमी, असं आमचे डॉक्टर सांगतात. चुलतभावाला झालं म्हणून या बाळाचा डोस थांबवायला कुणाला डॉक्टरांनी सांगितलं होतं का?