माहीमच्या उपसागराकाठचे आपले अनुभव

वरळीच्या किल्ल्यापासून वांद्र्याच्या किल्ल्यापर्यंत जो समुद्र मुंबईत शिरला आहे, त्याच्या काठी राहणाऱ्यांनी व तेथे जाऊन आलेल्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. सागरी सेतूवरून दिसणारा देखावा सर्वांच्या परिचयाचा आहे. काठावरून काय दिसते, ते वाचण्याची उत्सुकता आहे.

दादर
आमची इमारत चौपाटीला लागून आहे. पावसाळ्यात उधाणाची भरती ओसरली की वाळूवर प्लॅस्टिक, थर्माकोल आणि जोड हरवलेल्या चपलांचा थर पडलेला असतो. ‘समुद्राने घाण केली’ असे शेजारी म्हणतात, परंतु मिठी नदीतून व नाल्यांतून आपणच पाठवलेला हा ऐवज साभार परत आलेला असतो.

माहीम
वरील मजकुराला जोडून लिहितो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दुपारी भरती असल्याने मिठीचे पाणी खाडीच्या मुखातून बाहेर पडेना, आणि भराव घालून आधीच आक्रसलेल्या पात्रात ते मावेना, म्हणून ते मागे फिरून वस्त्यांमध्ये शिरले. तेव्हापासून आमच्या घरी पावसाच्या बातमीआधी भरतीची वेळ पाहतात.

अकोला
मी समुद्र प्रथम पाहिला तो ६ डिसेंबरला. चैत्यभूमीच्या रांगेत रात्र काढून, जेथे ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले तेथे माथा टेकला, आणि बाहेर आल्यावर आई पायरीवर बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. आमच्या गावातील अनेकांची समुद्राशी ओळख एवढीच, पण ती पक्की.

वांद्रे
माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये लेडी जमशेटजींच्या देणगीतून झाला; त्यापूर्वी लोक होडीने खाडी ओलांडत. सध्याची वाहतूक पाहता होडीच बरी होती, असे कधी कधी वाटते.

वरळी कोळीवाडा
देखाव्याचे कौतुक पुष्कळ झाले. आमचा प्रश्न वाटेचा आहे. सागरी किनारी रस्ता सेतूला जोडताना पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले होते. वारा आडवा असताना, दोन होड्या समोरासमोर आल्यास एवढ्या जागेतून नेणे जिवावरचे आहे, हे समजावण्यासाठी कोळ्यांना दीर्घ आंदोलन करावे लागले, तेव्हा कोठे एका गाळ्याचे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. दर्यात रोज जाणाऱ्यांना आराखडा आखण्यापूर्वीच विचारले असते, तर दोन्ही बाजूंचा वेळ वाचला असता.